गुलबर्ग्याची जामी मशीद: कॉर्डोबाचं नाव कशाला?

भीमाथडी
गुलबर्ग्याच्या किल्ल्यातल्या बहमनी मशिदीचा विषय निघाला की एकच पालुपद ऐकू येतं: "स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या मशिदीवरून बांधलीय." मला हे अजिबात पटत नाही. कॉर्डोबाला चांगलं ऐसपैस अंगण आहे. गुलबर्ग्यात तेच नाही, २१६ बाय १७६ फुटांची सगळी जागा छताखाली. तिकडे नालेच्या आकाराच्या, एकीवर एक चढवलेल्या कमानी आणि वर लाकडी छत. इकडे टोकदार कमानी, साठावर छोटे घुमट, कोपऱ्यांत चार मोठे आणि मेहराबीपुढे (नमाजाची दिशा दाखवणाऱ्या पश्चिम भिंतीतल्या कोनाड्यापुढे) उंच चौकोनी बैठकीवर बसवलेला सर्वांत मोठा. खांबांच्या रांगा दोन्हीकडे दिसतात, एवढंच काय ते साम्य. शिलालेखात साल १३६७चं आणि बांधणारा रफी, कझवीनचा. म्हणजे इराणचा. यात स्पेन आलं कुठून?

चुनेगच्ची
कॉर्डोबा सोडा, मान्य. पण रफीमुळे इमारत इराणी ठरत नाही. इराणी जामी मशिदीचा, म्हणजे शुक्रवारच्या सामूहिक नमाजाच्या मशिदीचा, जीवच तिच्या अंगणात असतो! माझ्या मते दिल्लीकडे बघा. बहमनी १३४७ साली तुघलकांविरुद्ध बंड करून उभे राहिले, बांधकामाच्या सवयी मात्र तिकडच्याच. दिल्लीची खिडकी मशीद साधारण याच काळातली, तीही बरीचशी छताखाली आहे.

भीमाथडी
बरीचशी! चार मोकळे चौक ठेवलेत तिथे. आणि ते चौक नसते तर आत अंधार झाला असता. गुलबर्ग्यात पश्चिमेची भिंत सोडून तिन्ही बाजूंना मोठमोठ्या कमानी उघड्या ठेवून उजेड घेतलाय. हा विचारच वेगळा आहे.

दुपारचं ऊन
एवढा काथ्याकूट कशाला? तिकडचा उन्हाळा बघितलाय का? सावली हवी म्हणून छत घातलं.

चुनेगच्ची
मग विजापूर काय थंड हवेचं ठिकाण आहे? अली आदिलशाहाने तिथल्या जामी मशिदीला व्यवस्थित अंगण ठेवलं. खुद्द गुलबर्ग्यातल्या शाहबाजार मशिदीलाही आहे. उन्हाचं कारण खरं असतं तर ही बिनअंगणाची रीत दख्खनभर पसरली असती.

जुना नकाशा
शाहबाजारचं नाव निघालं ते बरं झालं. शहरात तेवढी मोठी मशीद असताना किल्ल्यात ही दुसरी कशासाठी? हेलन फिलॉन या अभ्यासिकेने मांडलंय की ही मूळची मशीद नाहीच, फिरोजशाह बहमनीचा (१३९७–१४२२) 'हजार सुतून', म्हणजे हजार खांबांचा दरबारी महाल. मुहम्मद तुघलकाचा दिल्लीत तसा महाल होताच, इब्न बतूता या प्रवाशाने त्याचं वर्णन केलंय. असं धरलं की अंगणाचा प्रश्नच मिटतो. तीन बाजू उघड्या, मिनार एकही नाही... दरबारच वाटतो.

भीमाथडी
आणि १३६७च्या शिलालेखाचं काय करायचं?

जुना नकाशा
शिलालेख हलवता येतो. कोरलेला दगड एका इमारतीतून काढून दुसरीत बसवल्याची उदाहरणं आपल्याकडे कमी नाहीत.

भीमाथडी
हलवता येतो आणि हलवला, यात फरक आहे. अडचणीचा पुरावा दिसला की "तो दुसरीकडचा" म्हणायचं, मग काहीही सिद्ध होईल. राजाने किल्ल्यात आपल्या माणसांसाठी मशीद बांधली आणि शहराने आपली वेगळी वापरली, यात नवल काय? मिनारांचं म्हणाल तर दिल्लीच्या त्या काळच्या कित्येक मशिदींनाही अजानचे उंच मिनार नाहीत.

चुनेगच्ची
या मुद्द्यावर मी भीमाथडींच्या बाजूने. मोठा घुमट नेमका मेहराबीपुढे आहे. नऊ खणांची (चार खांबांमधल्या चौकोनांची) जागा मोकळी करून तो उभा केलाय, म्हणजे आराखड्यातच पश्चिमेला मान आहे.

जुना नकाशा
त्याच जागी तख्त ठेवलं तरी मान तेवढाच राहतो की! शिलालेखावर भांडण्यापेक्षा पश्चिमेची भिंत तपासा. मेहराबीचे दगड भिंतीच्या थरांत सांधून घेतलेत की मागाहून कोनाडा पाडलाय? एकसंध निघाले तर मी दरबार मागे घेतो.

भीमाथडी
गिलावा आहे त्यावर. तो खरवडायला पुरातत्त्व खातं तुम्हाला देणार का परवानगी?