रूबेन डिप: पाणी सुटू नये म्हणून

रूबेन सँडविच म्हणजे कॉर्न्ड बीफ (खारवलेले गोमांस), आंबवलेला कोबी आणि स्विस चीज घातलेले राय ब्रेडचे सँडविच. त्याच्या धर्तीवर केलेल्या डिपला, म्हणजे बुडवून खायच्या घट्ट मिश्रणाला, पाणी सुटते आणि वर तेल तरंगते, अशी अडचण एका ताईंनी मांडली आहे, आणि ती खरी आहे. मात्र माझ्या मते तिचे मूळ बहुतांशी कोबीत आहे. सावरक्राउट, म्हणजे मिठात आंबवलेला कोबी, घरी करायचा असेल तर एक किलो बारीक चिरलेल्या कोबीला 20 ग्रॅम मीठ चोळून, सुटलेल्या पाण्यात तो बुडून राहील असा दाबून आठवडाभर ठेवावा, आणि वापरण्यापूर्वी पंच्यात बांधून इतका घट्ट पिळावा की मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहील. क्रीम चीजऐवजी श्रीखंडाचा चक्का उत्तम चालतो, परंतु तो उष्णतेने फाटत असल्याने पाव किलो चक्क्यात चमचाभर कॉर्नफ्लोअर आधी घोटून घ्यावे. स्विस चीजच्या जागी गौडा चीज आणि कॉर्न्ड बीफच्या जागी स्मोक्ड चिकन घ्यावे. मेयोनेझ, केचप व व्हिनेगरमधली काकडी मात्र वगळू नये. हे सारे एकत्र करून ओव्हनमध्ये ठेवल्यावर 180 अंश सेल्सिअसवर साधारण 20 मिनिटांत कडेने बुडबुडे येऊ लागतात, तेव्हाच भांडे बाहेर काढावे, कारण त्यापुढे चीजमधील स्निग्धांश वेगळा होऊ लागतो.

राय ब्रेडसाठी, म्हणजे राय या धान्याच्या पावासाठी, बेळगावभर हिंडण्याची मुळीच गरज नाही. आपल्याकडची ज्वारीची कडक भाकरी मोडून सोबत ठेवावी. ती या जड मिश्रणाखाली वाकत नाही, आणि राय ब्रेडमध्ये असतो तो शहाजिऱ्याचा स्वाद हवा असल्यास चमचाभर शहाजिरे डिपमध्येच घालावे.