मदत हवी आहे: दिवाळीच्या सुट्टीत बदामी-हंपी, बजेट पक्कं, तारखा नाहीत

गौरी_कोथरूड
दिवाळीच्या सुट्टीत बदामी आणि हंपी करायचं आहे. बजेट 40 हजार, त्यावर जमणार नाही. अडचण अशी की ह्यांची रजा आयत्या वेळी मंजूर होते, कधी होतही नाही. तारखा पक्क्या नाहीत म्हणून काहीच बुक करता येत नाही. तिकिटं आत्ता काढू की थांबू? रद्द करावं लागलं तर पैसे बुडायला नकोत. प्लीज लवकर सांगा, घरात रोज हाच विषय चालू आहे.

मिरजकर
किती जण? वयं काय? 40 हजार सगळ्यांचे की माणशी? कोथरूड म्हणजे पुण्याहून निघणार असं धरतो. मिरजेपर्यंत मिळेल त्या गाडीने या आणि पुढे हरिप्रिया एक्सप्रेस धरा, थेट होसपेट, म्हणजे हंपीजवळचं स्टेशन. आमच्याकडचे लोक हंपीला असेच जातात.

रानवाटा
गाडी काढा. रजा मिळाली की त्याच रात्री निघायचं, तारखांचा प्रश्नच मिटला. कोल्हापूर-बेळगाव-हुबळी रस्ता चांगला आहे.

गौरी_कोथरूड
सगळ्यांचे मिळून 40. आम्ही दोघं, दोन मुलं, सासू-सासरे. गाडी आहे, पण छोटी.

रानवाटा
मग सात सीटर भाड्याने घ्या.

मिरजकर
गाडीभाडं, ड्रायव्हरचा भत्ता, टोल, कर्नाटकचा टॅक्स धरून राहायला-जेवायला काय उरणार ते पण लिहा ना. गौरीताई, वयं अजून सांगितली नाहीत. 5 वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही. 5 ते 12 ला वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं.

सुखदा_प
आम्ही केरळचं पॅकेज घेतलं होतं. मुन्नार, ठेकडी, अलेप्पी, सगळं आयतं. आजी-आजोबांना हाउसबोट फार आवडते. विचार करून बघा.

गौरी_कोथरूड
केरळ नको, लेकीला शाळेत बदामीचे चालुक्य राजे झालेत म्हणून तिचा हट्ट आहे. मुलगी 11, मुलगा 4. सासूबाई 76, गुडघे दुखतात, जिने फार चढवत नाहीत. सासरे 79.

धोंडोपंत
75 पूर्ण झालेल्यांना एसटी फुकट, महिलांना अर्धं तिकीट. सोलापूरपर्यंत एसटीने गेलात तर तिघांचा खर्च जवळपास वाचतो. पुढे कर्नाटकात बायकांना बस फुकटच आहे.

बेळगावी_रोट्टी
काका, ती शक्ती योजना कर्नाटकात राहणाऱ्या बायकांसाठी आहे. ओळखपत्रावर इथला पत्ता लागतो, पुण्याचं आधार दाखवलं तर पूर्ण तिकीट फाडतात. एसटीची सवलतही राज्याच्या हद्दीपर्यंतच.

धोंडोपंत
हद्दीपर्यंत का होईना, वाचलेले पैसे पैसेच असतात.

मिरजकर
गुडघे दुखणाऱ्या बाईंना सोलापूरपर्यंत एसटीत बसवायचं? शंभर-दोनशे रुपयांसाठी?

अपर्णा_टी
गौरी, सगळे 'कसं जायचं' यावर भांडतायत, तुझा प्रश्न रजेचा आहे. रजा फक्त ह्यांची अडते, बाकी पाच जण मोकळेच आहात ना? मग तारखा ठरव आणि तिकिटं काढ. कन्फर्म तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येतं, गाडी सुटायच्या 24 तास आधी आरक्षण केंद्रावर अर्ज द्यायचा, नात्याचा पुरावा न्यायचा. एकदाच करता येतं. रजा नाही मिळाली तर त्यांच्या जागी दुसरं कोणी येईल का?

गौरी_कोथरूड
हे माहीतच नव्हतं! माझा भाऊ येईल, तो मोकळाच असतो.

अपर्णा_टी
तुझा भाऊ चालणार नाही. ज्याचं तिकीट आहे त्याचे आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी किंवा बायको, एवढेच. मेहुणा त्यात येत नाही. दीर किंवा नणंद आहे का?

रानवाटा
एवढी कटकट कशाला? आदल्या दिवशी तत्काळ काढा. एसीचं 10 ला उघडतं, स्लीपरचं 11 ला.

अपर्णा_टी
दिवाळीत? तत्काळमध्ये एका तिकिटावर चारच जण, त्यांना पाच बर्थ लागतात. दोन तिकिटं एकाच वेळी कोण मारणार? आणि कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर एक रुपया परत येत नाही. पैसे बुडायला नकोत हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय तिने.

आणि गौरी, आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढ. ज्येष्ठांच्या लोअर बर्थ कोट्यात एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघं आणि दोघंही ज्येष्ठच लागतात. पाचही नावं एकत्र टाकलीस तर तो कोटा मिळत नाही आणि सासूबाई वरच्या बर्थखाली उभ्या राहतील. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत 2020 पासून बंद आहे, ती धरू नकोस.

धोंडोपंत
ती सवलत परत सुरू व्हायलाच हवी. एवढ्या लोकांनी निवेदनं दिली. यावर वेगळा धागा काढला पाहिजे.

बेळगावी_रोट्टी
गुडघ्यांचं सांगतो. बदामीत पहिलं लेणं थोड्या पायऱ्यांवर आहे, अठरा हातांचा नटराज तिथेच, दाराशी उजव्या हाताला. आजींना तिथवर न्या आणि सावलीत बसवा. तिसऱ्या लेण्यात चालुक्य राजा मंगलेशाचा इ.स. 578 चा शिलालेख आहे, त्यासाठी लेकीला वर पाठवा. पट्टदकल सपाट आहे, हिरवळीत देवळं, आजींना सगळ्यात जास्त तेच आवडेल. हंपीत विठ्ठल मंदिरापर्यंत बॅटरीवरच्या गाड्या जातात. 15 वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याचं तिकीट नाही. हंपीजवळच्या कमलापूरचं संग्रहालय शुक्रवारी बंद.

बजेटसाठी एक करा. आधी बदामी, मग हंपी, आणि बदामीतलीच खोली आगाऊ भरा. हंपीचं बुकिंग मोफत रद्द होणारं घ्या. रजा कमी मिळाली तर बदामी, पट्टदकल, ऐहोळे करून परत या. तीही सहल पुरेपूर होते, हंपी पुढच्या खेपेला. मुक्काम होसपेटला करा, हंपीला बस सारख्या असतात.

सुखदा_प
होसपेटला जेवण कसं आहे? लहान मुलांना तिखट लागेल का?

बेळगावी_रोट्टी
दही-भात, इडली सगळीकडे मिळते. बदामीत खानावळीत ज्वारीची भाकरी आणि येण्णेगाई, म्हणजे भरलं वांगं, मागा.

मिरजकर
माझं मत अजूनही हरिप्रियाच, पण आधी बदामी असेल तर सोलापूर मार्ग सोयीचा, हे मान्य. मुंबई-होसपेट एक्सप्रेस पुणे, सोलापूर, विजयपूर करत बदामीला जाते. येताना हरिप्रियाने मिरज.

गौरी_कोथरूड
दीर म्हणतोय तो येईल, पण तीनच दिवस. चालेल, बदामीपुरतं तरी होईल. बुकिंग किती दिवस आधी उघडतं, 120 ना?

अपर्णा_टी
आता 60, नोव्हेंबर 2024 पासून. सकाळी 8 ला. रेल्वे बुकिंगचं खातं आधारशी जोडलेलं आहे का ते आजच बघ, बुकिंग उघडल्यावर सुरुवातीला बाकीच्यांना ऑनलाइन तिकीट काढता येत नाही. आणि बदामीची ती गाडी मुंबईहून रात्री सुटते, पुण्याला मध्यरात्रीनंतर येते. शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढ.