मदत हवी आहे: गालाच्या आत निळी गाठ, बायोप्सी करायची की नाही?

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. गालाच्या आतल्या बाजूला निळसर गाठ आहे. सोनोग्राफी झाली, रिपोर्टात 'हिमँजिओमा' (रक्तवाहिन्यांची गाठ) लिहून पुढं प्रश्नचिन्ह टाकलंय. खानापुरातले डॉक्टर म्हणतात, छोटा तुकडा काढून तपासणीला पाठवूया, शनिवारी या. बेळगावातले दुसरे म्हणाले, अजिबात हात लावू नका. आता कुणाचं ऐकायचं? माहितगारांनीच लिहा, शनिवार तोंडावर आलाय.

शहापूरची_सून
कुणाच्या गालात? वय काय? कधीपासून आहे? दुखते का? यातलं काहीच लिहिलेलं नाही तुम्ही.

निपाणीकर
मावा, गुटखा पहिला बंद करा. तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का बघा. जात नसतील तर गाल आतून आवळत चाललाय असं समजायचं. आमच्याकडं वखारीत काम करणाऱ्यांत हे फार बघितलंय.

मलप्रभाकाठ
निपाणीकर, पोरगं दहावीत आहे हो. भाचा माझा. सुपारीचं खांडसुद्धा खात नाही. दुखत नाही. प्रश्न बायोप्सीचा आहे.

आबा_टिळकवाडी
मी सांगूलोय ते ऐका. आमच्या नातीला ओठावर असंच आलतं, लालभडक. प्रोप्रॅनोलॉलचं औषध दिलं आणि बसलं की. बायोप्सी बियोप्सी काय नको, ते औषध सुरू करा.

दातवाली
आबा, नात तेव्हा केवढी होती?

आबा_टिळकवाडी
पाळण्यात होती. का?

दातवाली
तिथंच सगळा फरक आहे. बाळांचा हिमँजिओमा जन्मानंतर काही आठवड्यांत दिसायला लागतो, पहिल्या वर्षात भराभर वाढतो आणि मग वर्षानुवर्षं हळूहळू ओसरतो. प्रोप्रॅनोलॉल त्याच्यावर चालतं. फ्रान्समधल्या डॉक्टरांच्या ते लक्षात आलं आणि २००८ साली त्यांनी ते छापलं. दहावीतल्या मुलाला ते देऊन उपयोग नाही, वर नाडी आणि बीपी उतरायचं.

मलप्रभाकाठ, आता एवढं सांगा. डाग लहानपणापासून होता का? बोटानं दाबल्यावर गाठ बसते का, आणि सोडल्यावर परत भरते का? खाली वाकल्यावर फुगते का? बोट ठेवलं तर नाडीसारखं उडतं का? जवळची दाढ हलते का, रक्त कधी आलं का?

कडोलीचा_पैलवान
हळद आणि तुरटीच्या पाण्यानं गुळण्या. आमच्या आजीचा उपाय. आठवड्यात फरक.

शहापूरची_सून
पैलवान, रक्तवाहिनीची गाठ गुळण्यांनी जाणार होय? उगाच काहीतरी सांगू नका.

मलप्रभाकाठ
अक्का म्हणते, तान्हा होता तेव्हापासून गालाच्या आत निळा ठिपका होता, जन्मखूण म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मिसरूड फुटायला लागल्यापासून वाढलंय. दाबलं की बसतं, सोडलं की सावकाश भरतं. बुटाची नाडी बांधायला वाकला की गाल टम्म. उडत वगैरे नाही. दाढा घट्ट. रक्त एकदा आलं, थोडंच. आणि चाचपलं तर आत मुगाएवढं काहीतरी टणक सरकतं, ते काय असावं?

दातवाली
हे मुगाएवढं पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं! रक्त एका जागी साकळून, त्यावर कॅल्शियम बसून असे खडे होतात. फ्लेबोलिथ म्हणतात. साध्या एक्स-रेवरही दिसू शकतात. जन्मापासूनचा डाग, वयात येताना वाढणं, वाकल्यावर फुगणं आणि हे खडे, सगळं मिळून शिरांच्या जन्मजात दोषाकडं बोट दाखवतं. व्हीनस मालफॉर्मेशन. ही हिमँजिओमासारखी पेशी वाढून झालेली गाठ नव्हे, शिरांची घडणच बिघडलेली असते. मुलिकेन आणि ग्लोवाकी या संशोधकांनी १९८२ मध्ये हिमँजिओमा आणि असे जन्मजात दोष हे दोन प्रकार वेगळे केले, तरी रिपोर्टात अजून सरसकट हिमँजिओमाच लिहून येतं. अर्थात हा अंदाज आहे, मी गाल बघितलेला नाही.

सोनोग्राफी साधी झाली की डॉपलर? रक्त हळू वाहतं की जोरात, हे डॉपलरवर कळतं. जोरात वाहत असेल, म्हणजे धमनी थेट शिरेला जोडलेली असेल, तर प्रकरण वेगळं. तो प्रकार जबड्याच्या हाडात असताना हलते म्हणून दाढ उपटली तर रक्त थांबता थांबत नाही, जिवावर बेतलेलं आहे.

नेहमीचा_वाचक
पण मॅडम, तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर नाही हे कोण सांगणार? माझ्या काकांच्या बाबतीत असंच 'बघू, बघू' करत उशीर झाला. बायोप्सी कराच.

दातवाली
काकांची जखम होती की निळी, दाबल्यावर बसणारी गाठ? बायोप्सीला माझा विरोध नाही, क्रमाला आहे. आधी डॉपलर, मग गाठ आत किती पसरलीय ते बघायला एमआरआय. तरीही उलगडा झाला नाही तर तुकडा, तोही रक्त थांबवायची सगळी तयारी असलेल्या ठिकाणी. दवाखान्यातल्या खुर्चीवर बसून नाही.

नेहमीचा_वाचक
जखम होती. तरी माझं मत तेच.

निपाणीकर
मिरजेला न्या. डोळे झाकून.

आबा_टिळकवाडी
मिरज कशाला? बेळगावात केएलईचं डेंटल कॉलेज आहे की. नाहीतर गोव्याला बांबोळी.

निपाणीकर
योजनेत बसायला मिरज बरी. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, विसरलात काय?

आबा_टिळकवाडी
आणि कर्नाटकानं लगेच हरकत घेतली, ते विसरलो नाही. सीमावादावरच्या महाजन अहवालापासून हेच बघूलोय आम्ही.

शहापूरची_सून
झालं, सीमाप्रश्न आला! त्यासाठी वेगळा धागा आहे. मलप्रभाकाठ, रेशनकार्ड बीपीएल असेल तर आयुष्मान आरोग्य कर्नाटक योजनेची चौकशी करा, पण आधी सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी घ्या. आम्ही चिठ्ठीविना थेट गेलो आणि काउंटरवरूनच परत पाठवलं.

मलप्रभाकाठ
डॉपलर करून आलो. 'स्लो फ्लो' लिहिलंय, दोन खडेही दिसले. शनिवारचं रद्द केलं, डॉक्टर जरा नाराज झाले. एमआरआय लिहून दिलाय. पुढं सुई मारतात म्हणे? आणि त्याच्या दातांना तार आहे, ती काढावी लागेल का?

दातवाली
तार आहे हे आज सांगताय? धातूमुळं नेमकं गालापाशीच चित्र बिघडू शकतं. मशीनवाल्यांना आधी फोन करून विचारा. बऱ्याचदा नुसती तार उतरवून भागतं, दातांवर चिकटवलेले तुकडे राहिले तरी चालतात. ते रेडिओलॉजिस्ट ठरवतील.

सुईचं खरं आहे. सोनोग्राफीत बघत बघत शिरेत औषध सोडतात, आतून ती चिकटून बंद व्हावी म्हणून. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात. एका वेळेत भागेलच असं नाही, आणि नंतर काही दिवस गाल जास्तच सुजतो, घाबरू नका. त्याआधी रक्त गोठण्याच्या तपासण्या, डी-डायमर धरून, करून घ्या. त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवणं हाही पर्याय असतो, तो विचारा. तार गाठीला घासते का?

मलप्रभाकाठ
घासते की. त्यानंच तर रक्त आलं होतं.

दातवाली
मग एमआरआयची वाट बघू नका. तारवाल्या डॉक्टरांकडं उद्याच जाऊन ते टोक वाकवून घ्या, तोवर त्यावर मेण लावा. मेण त्यांच्याकडंच मिळतं.