सागवानी कपाटाचं काळं पडलेलं पॉलिश कसं काढायचं?

कोथरूडकर: मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून आरशाचं सागवानी कपाट घेतलंय, पॉलिश पार काळवंडलंय पण दाराची नक्षी इतकी सुरेख आहे की सुतार घासायचं मशीन मारू म्हणतोय आणि माझं मन धजत नाहीये. काय करू?

पेठकर: मशीन अजिबात नको!! आधी मागच्या बाजूला स्पिरिटचा बोळा घासून बघा, चिकट होऊन रंग कापसाला आला तर ते लाखेचं पॉलिश, मग स्पिरिटनेच निघतं, नक्षीत जुना टूथब्रश फिरवा. खिडक्या उघड्या ठेवा, गॅसजवळ नको.

सिंहगड रोड: बारीक भोकांखाली ताजा भुसा पडतोय का तेही बघा, पडत असेल तर आधी किडीचं औषध.

पेठकर: बरोबर. आणि नवीन लाखेचा हात पावसाळ्यात नको, दमट हवेत पांढरट पडतो.