सासूबाईंना डिमेन्शिया, सांभाळणारी मी एकटी. सांभाळणाऱ्याला काही हक्क असतात का?

मोगरा_धायरी
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. सासूबाई ७८ च्या, डिमेन्शियाला चार वर्षं झाली. माहेर वाईचं, त्यामुळे रात्री तीनला उठतात, पदराला गाठ मारतात आणि 'मला वाईला सोड गं, आई वाट बघत असेल' म्हणत दाराची कडी काढायला जातात. मी आता त्यांच्याच खोलीत, दाराला आडवी झोपते. अडीच वर्षांपूर्वी नोकरी सोडली. मिस्टर हिंजवडीला, सकाळी निघाले की रात्री नऊला घरी. दीर नाशिकला, दिवाळीला येतात. नणंदबाई बाणेरलाच आहेत पण 'तिला तुझीच सवय आहे' म्हणतात आणि फोन ठेवतात. ब्युरोच्या दोन मावशी टिकल्या नाहीत, तिसरी परवडली नाही. डॉक्टरांनी मला कमरेचा एमआरआय सांगितलाय, दोन महिने झाले, पण तेवढे दोन तास यांच्याजवळ बसणार कोण? त्यांच्यावर राग नाही हो, लग्नानंतर माझं बीकॉम त्यांनीच पूर्ण करायला लावलं. पण माझ्यासाठी कुठे काही आहे का?

पेन्शनर_सदाशिव
ताई, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात अपत्य म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्यात नाहीच. तुम्ही करताय ते मायेनं, कायद्याने जबाबदारी तुमच्या मिस्टरांची, दिरांची आणि नणंदेचीसुद्धा. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, निर्वाह भत्ता महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. तिथवर जा असं म्हणत नाही, पण घरात सगळे बसतील तेव्हा हे मिस्टरांनी बोलून दाखवावं, तुम्ही नाही.
दुसरं, पॉवर ऑफ अॅटर्नीच्या भरवशावर राहू नका. माणसाची समज गेली की ती कायद्याने संपते. माझ्या थोरल्या भावाच्या वेळी एफडी अशीच अडकली आणि पालक नेमून घ्यायला हायकोर्टापर्यंत जावं लागलं, तोवर औषधं आम्ही खिशातून आणली. जॉइंट खातं आहे का आजच बघा. आणि मिस्टर जुन्या टॅक्स रेजिममध्ये असतील तर डिमेन्शियाच्या उपचारांच्या खर्चावर ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत वजावट मिळू शकते, न्यूरोलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन लागतं.

निशिगंध
माझी बहीण इंग्लंडमध्ये लीड्सला असते, सासऱ्यांचं सगळं तीच करते. तिथे आठवड्याला ३५ तास सांभाळलं आणि बाकी अटींत बसलं तर केअरर्स अलाउन्स मिळतो, शिवाय २०१४ च्या केअर अॅक्टमुळे सांभाळणाऱ्याची वेगळी असेसमेंट मागता येते, म्हणजे कौन्सिलचं माणूस तिला विचारतं की तुला काय हवंय. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग कायद्यात, कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्यांसाठी केअरगिव्हर अलाउन्स लिहिलाय, पण सरकारच्या आर्थिक कुवतीत बसेल तसं. मला याचा फार राग येतो. घराघरातल्या बायका फुकट करतात म्हणून तर ती कुवत कधी तपासली जात नाही ना!

शुभंकर_वारजे
मोगरा, मी नवऱ्याचं पार्किन्सन्स नऊ वर्षं केलं. इथल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात पेशंटला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. पहिल्यांदा कुणी मला शुभंकर म्हटलं तेव्हा मी तिथेच रडले, कारण तोवर मला नावच नव्हतं. तू पण तुझ्यासारख्यांना शोध. रात्री फारच भरून आलं तर टेलीमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन ही हेल्पलाइन १४५६७ आहे.
आणि वाईला जायचं म्हणाल्या की 'हे घर तुमचंच' असं समजावत बसू नकोस, त्याने त्या जास्त चिडतील. 'जाऊ हं, आधी एवढे मटार सोलून घेऊ' म्हण. माझ्या आईचे हात शेवटपर्यंत चालायचे.
एमआरआयची वेळ घे. मी वारज्याला आहे, धायरी लांब नाही. तुला चालणार असेल तर मेसेज कर, आधी एकदा चहाला येते म्हणजे त्यांना माझा चेहरा ओळखीचा होईल.

मोगरा_धायरी
मटार नव्हते, वाल भिजवलेले होते. काल रात्री तीन ते सव्वाचार सोलत बसल्या, मग माझ्या मांडीवर हात ठेवून झोपल्या. सकाळी मिस्टरांना सदाशिवकाकांचं उत्तर वाचायला दिलं, त्यांनी माझ्यासमोरच नणंदबाईंना फोन लावला. रविवारी दहा ते पाच त्या येणारेत, दर रविवारी का ते अजून ठरलं नाहीये. शुभंकरताई, मेसेज केलाय, एमआरआय गुरुवारी साडेअकराला मिळालाय, तुम्ही बुधवारी चहाला याल का?