चिनी परंपरावाद्यांना 'सनातनी' म्हणावे काय?

कोथरूडचा वाचक: आमच्या पुण्यातील वाचनमंडळात टिळक-आगरकर वादावरून विषय चीनकडे वळला. चिनी लेखक-संपादक छन दूश्यू यांच्या मासिकाने १९१५ पासून कन्फ्यूशियसच्या शिकवणीवर टीकेची झोड उठवली, हे आम्हांला ठाऊक होते. परंतु त्या शिकवणीची बाजू घेणाऱ्यांना सगळ्यांनी सरसकट 'सनातनी' ठरवले, ते मला पटले नाही. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

इतिहासप्रेमी: आपली शंका रास्त आहे. त्यांतील अनेक जण आधी सुधारक होते. १८९८ च्या शंभर दिवसांच्या सुधारणांचे पुढारी कांग योवै हेच १९१७ मध्ये पदच्युत सम्राटाला पुन्हा गादीवर बसवण्याच्या फसलेल्या प्रयत्नात सामील होते. ही निव्वळ उतारवयातील माघार नव्हे. राजवटीतील बडे अधिकारी झांग झिदोंग यांनी १८९८ मध्ये चिनी विद्या हा गाभा आणि पाश्चात्त्य विद्या उपयोगापुरती, अशी वाटणी मांडली, तेव्हा तो गाभा सांभाळायला राजसत्ता होती आणि अभिजात ग्रंथांवर आधारलेली सरकारी परीक्षा होती. ती परीक्षा १९०५ साली बंद झाली (ती बंद करावी, असा आग्रह धरणाऱ्यांत स्वतः झांगही होते, हे विसरू नये) आणि १९१२ मध्ये राजवटही गेली. त्यामुळे पुढच्या पिढीपुढचा प्रश्नच निराळा होता: सत्तेचा आधार तुटल्यावर ही शिकवण जगवायची कोठे?

डेक्कनवरून: या प्रश्नाला सर्वांत प्रामाणिक उत्तर विचारवंत लियांग शुमिंग यांनी दिले, असे मला वाटते. पाश्चात्त्य, चिनी व भारतीय संस्कृतींची तुलना करणारा त्यांचा ग्रंथ १९२१ मध्ये आला. भारताला त्यांनी वासनांपासून पाठ फिरवणारी संस्कृती ठरवले. आगरकर वाचलेल्या माणसाला हे चित्र एकांगीच वाटेल. पण लियांग केवळ ग्रंथ लिहून थांबले नाहीत. १९३१ पासून शांदोंग प्रांतातील झोउपिंग येथे त्यांनी शाळेला केंद्र मानून ग्रामरचनेचा प्रयोग चालवला, तो १९३७ च्या जपानी आक्रमणापर्यंत टिकला. पुढे १९५३ मध्ये शेतकऱ्यांची बाजू मांडताना त्यांनी माओंचा रोष भर सभेत पत्करला.

कोथरूडचा वाचक: मनःपूर्वक आभार. म्हणजे तुलना करायचीच, तर ती १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू करणाऱ्या, इंग्रजी विद्येत मुरलेल्या विष्णुशास्त्र्यांशी करावी लागेल.

इतिहासप्रेमी: ती अधिक जवळची आहे. १९२२ मध्ये नानजिंगहून नियतकालिक काढून अभिजात चिनी भाषेचा कैवार घेणारे वू मी आणि मेइ ग्वांगदी हे दोघेही अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात समीक्षक आयर्व्हिंग बॅबिट यांच्या हाताखाली शिकून आले होते.