अक्कलदाढा: चारही काढू की राहू देऊ?

नमस्कार मंडळी,
मुलगा १९ वर्षांचा, सप्टेंबरात युनिव्हर्सिटीला जाईल. सुट्टीत पुण्याला दात दाखवले, तर डॉक्टरांनी ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढून सांगितलं, खालच्या दोन्ही अक्कलदाढा आडव्या आहेत, चारही काढून टाका. इथला, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा (एनएचएस) डेंटिस्ट तोच फोटो बघून म्हणतो, दुखत नाही ना, मग हात लावायचा नाही. सासूबाई म्हणतात, इथे पैसे वाचवायला असंच सांगतात. कुणाचं ऐकू?
– मुलाची आई, रेडिंग

ताई,
पैशाचाही विचार असतो, पण तेवढंच नाही. कुठले उपचार करावेत हे सांगणारी इथली संस्था, 'नाइस', तिने २००० सालीच सांगितलंय, अडकलेली पण निरोगी अक्कलदाढ 'पुढेमागे त्रास देईल' म्हणून काढायची नाही. हिरडी पुन्हा पुन्हा सुजली, भरता न येणारी कीड लागली, गळू किंवा सिस्ट (पाणी भरलेली गाठ) झाली, तर काढायची. खालच्या दाढेच्या मुळांजवळून जाणारी नस दुखावली तर ओठ-हनुवटी बधिर होते, क्वचित कायमची.

पण 'दुखत नाही ना' हा प्रश्न मला कधीच पुरेसा वाटला नाही. अर्धवट वर आलेली दाढ पुढे कलून शेजारच्या दाढेला टेकली, की मधे अन्न अडकतं आणि ती चांगली दाढ मागून किडते. बराच काळ ठणकाही नसतो. तेव्हा विचारा: टेकली आहे का? अर्धी बाहेर आहे की पूर्ण हाडात? मुळं नसेच्या किती जवळ? फारच जवळ असतील तर नुसता माथा कापून मुळं ठेवण्याचाही पर्याय असतो. आणि खालच्या आडव्या, तर वरच्या का काढायच्या, हे पुण्याला फोन करून विचाराच. पुढचे दात वाकडे होतील या भीतीने तर मुळीच काढू नका.
– निवृत्त दंतवैद्य, लेस्टर

आमच्या लेकीची अक्कलदाढ नेमकी परीक्षेच्या आठवड्यात सुजली. तोंडात चमचा जाईना. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि पातळ खिचडीवर पेपर दिले. ती एकदाच, म्हणून काढली नाही. चार वर्षं झाली, गप्प आहे.
– क्रॉयडन

लेस्टरच्या काकू, खूप आभार. तिन्ही प्रश्न विचारले. डावी टेकलेली आहे आणि शेजारच्या दाढेवर कीड सुरू झाल्यासारखी दिसतेय. ती काढायला रेफरल (तज्ज्ञाकडे पाठवणारी चिठ्ठी) मिळालं. उजवी पूर्ण हाडात, ती आणि वरच्या दोन्ही राहू देतोय.
सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.
– रेडिंग